मार लक्षात ठेवणारी कुऱ्हाड

आर्वीच्या बाजारात आमचं लोखंडी सामानाचं दुकान आहे. विळे, कुऱ्हाडी, फावडी, भाजी चिरायच्या पावश्या, साखळ्या आणि तोलून द्यायचे खिळे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दुपारचं दुकान माझ्याकडे. सकाळी आणि संध्याकाळी माझा नवरा आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून तेवढा वेळ मी. चुकून एखादं आलंच, तर ते पायरीवर उभं राहून माझ्या डोक्यावरून आत बघायचं आणि विचारायचं, “दुकानात कोणी माणूस नाई का?”

माझा राग नाकावर असतो. माहेरी हिंगणीला ही गोष्ट अख्ख्या गल्लीला माहीत होती, आणि सासरी यायच्या आधी आईनं तो राग तिथेच ठेवून जायला सांगितलं होतं. मी तो बरोबर आणला. पण दुकानात तो काढायचा कोणावर? गिऱ्हाइकावर काढला तर धंदा जातो. मग मी म्हणायचे, “येतील आता,” आणि ते गिऱ्हाईक पायरीवर बसून वाट बघायचं. सतरा जातीचे विळे माझ्या हाताशी टांगलेले असायचे, कोणता कशाला लागतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, पण विचारायचं कोण?

हे सगळं आधी सांगितलं, कारण मला सांगायचंय ते एका शस्त्राबद्दल, आणि ते शस्त्र माझ्या हातात आलं तेव्हा मला एवढा आनंद का झाला हे त्याशिवाय कळायचं नाही.

माझी मुलगी वर्ध्याला शिकते, होस्टेलवर राहते. सुट्टीत आली होती तेव्हा तिनं दुकानाच्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकला. बिलं काढायचा तो कॉम्प्युटर, जुना, पण हा खेळही त्याच्यासारखाच साधा होता. सुट्टी संपल्यावर ती गेली आणि खेळ राहिला. एका दुपारी, समोरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा हलत नव्हतं तेव्हा, मी तो उघडला.

एक योद्धा घ्यायचा आणि जमिनीखालच्या भुयारात उतरायचं. एका मजल्याखाली दुसरा मजला, प्रत्येक मजल्यावर राक्षस, साप, भुतं, दगडाची माणसं. सगळ्यात खाली एक दिवा आहे, तो घेऊन वर आलात की जिंकलात. मेलात तर मेलात. पुन्हा पहिल्यापासून, नवीन योद्धा, आणि भुयारही नवीन, सगळे रस्ते बदललेले. मी बाई योद्धा घेतली. पहिल्या दिवशी ती एका उंदरानं मारली. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्याबरोबर मी दुकानात येऊन बसले, आणि त्या उंदराचा मुडदा पाडला. उंदीर दुसरा होता, पण मला चालला.

मामाजींना कळायला बरेच दिवस गेले. दुपारी ते वरच्या खोलीत झोपायचे. एकदा झोप लागली नाही म्हणून खाली आले, तेव्हा मी एका बोळात अडकले होते आणि समोरच्या कोळ्याशी झुंजत होते. पावलांचा आवाज आला तशी मी ताडकन उठले आणि पदर घेतला. मामाजींसमोर मी खुर्चीवर बसत नव्हते. बसायचं नाही असं कोणी सांगितलेलं नव्हतं, पण बसत नव्हते.

मामाजींनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते स्क्रीनकडे बघत होते. “बस, बस!” ते ओरडले. “अवं, मांगून येऊन राह्यला दुसरा!”

मी बसले. दुसरा कोळी मारला. मामाजींनी खिळ्यांच्या तराजूजवळचं स्टूल ओढलं आणि माझ्या उजव्या बाजूला बसले. त्या दिवसापासून दुपारची झोप बंद झाली.

मामाजींना इंग्रजी वाचता येत नाही आणि त्यांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावलेला नव्हता. पण सल्ला द्यायला त्याची गरज लागत नाही. “डावीकडून जाय.” “त्या दारात नको घुसू, वास बरोबर नाई.” वास स्क्रीनमधून यायचा त्यांना! निम्म्या वेळा त्यांच्या सल्ल्यानं माझी योद्धा मेली. मग ते म्हणायचे, “तू उशीर केला,” आणि मी म्हणायचे, “मामाजी, तुम्ही सांगितलं तिथेच गेली होती ती,” आणि आवाज माझाही चढायचा. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या उन्हाळ्यात भांडले.

एका गोष्टीवर मात्र ते हटून बसायचे. भुयारात कधीकधी एक दुकानदार भेटतो. औषधं, ढाली, चिलखतं मांडून बसलेला असतो. त्याला लुटता येतं. मुलीनं फोनवर मला युक्तीही सांगितली होती. मामाजींनी साफ मना केलं. “इतक्या खाली, अंधारात, भुताखेतांत दुकान मांडून बसला तो. त्याच्या पोटावर पाय देऊ नको.” मग आम्ही रीतसर विकत घ्यायचो. परवडत नसेल तर हात हलवत निघायचो. तसं निघालो की मामाजी त्याला म्हणायचे, “येतो बावा, पुढच्या खेपेले.”

आणि मग ती कुऱ्हाड मिळाली.

या खेळात काही शस्त्रं अशी असतात की अख्ख्या भुयारात ती एकच असतात. त्यांना आपलं नाव असतं, आपला स्वभाव असतो. दहा वेळा खेळलात तर एखाद्या वेळी एक दिसतं, तेही तुमच्या कामाचं असेल असं नाही. आम्ही पाण्यानं भरलेल्या एका गुहेत होतो. मध्ये एक बेट, बेटावर दगडाचा माणूस, आणि त्याच्या पायाशी काहीतरी निळं चमकत होतं. मी परत फिरणार होते. माझ्या योद्धाचं रक्त निम्म्यावर आलं होतं. मामाजी म्हणाले, “थांब. ते वजनाची दिसते.”

मी गेले. तो दगडाचा माणूस मी कसा पाडला ते मला आजही नीट सांगता येत नाही. दोन वेळा वाटलं, संपलं. मामाजी स्टुलावरून उठून उभे राहिले होते. तो पडला आणि मी ते निळं उचललं.

कुऱ्हाड होती. चंद्रकोरीच्या पात्याची, पात्याच्या पोटात एक खाच, आणि दांड्याला खालपर्यंत तांब्याची तार गुंडाळलेली. स्क्रीनवर ती माझ्या बोटाच्या पेराएवढी असेल, पण मला तिची तार न् तार दिसत होती. खाली इंग्रजीत लिहून आलं होतं. मी वाचून मामाजींना मराठीत सांगितलं. ही कुऱ्हाड धरणाऱ्याला जेवढा मार बसतो तेवढा ती लक्षात ठेवते. प्रत्येक घाव. आणि मग जेव्हा ती उठते, तेव्हा सगळ्याचा हिशेब दुप्पट करून एका फटक्यात परत करते.

मामाजींनी स्क्रीनवरच्या कुऱ्हाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हणजे तुझ्यावानीच आहे.”

मी हसले. पदर तोंडाला लावून नाही, सरळ हसले. मामाजीही हसले. मला वाटतं त्या दुपारी आम्ही एकमेकांना पहिल्यांदा नीट ओळखलं.

मुलीला फोन केला. ती ओरडलीच, “आई, तुले ते भेटली? फोटो पाठव, आत्ता पाठव!” तिच्या होस्टेलवर चार-पाच जणी हा खेळ खेळायच्या, त्यातल्या एकीलाही ती कधी दिसली नव्हती. फोटो गेला आणि संध्याकाळपर्यंत मला अनोळखी मुलींचे निरोप यायला लागले, काकू, कुठे मिळाली, काकू, कशी मारली. मी फुगले. का फुगू नये? हिंगणीला आमची वांग्याची वाडी जंगलाच्या कडेला होती. बोर धरणाकडचं जंगल, तिथे वाघ. वडील वाडीत जाताना खांद्यावर कुऱ्हाड टाकून जायचे. मी हट्ट केला तर म्हणायचे, पोरीच्या खांद्यावर शोभत नाही. सासरी तर कुऱ्हाडींच्या राशीत बसले, पण त्या विकायच्या. ही माझी होती. मी उतरले, मी मार खाल्ला, मी मिळवली.

मामाजींनी तर कमालच केली. गिऱ्हाईक कुऱ्हाड बघायला लागलं की ते म्हणायचे, “हे काई नाई. आमच्या सुनबाईजवळ एक आहे, तशी जिल्ह्यात नाई.” गिऱ्हाईक इकडेतिकडे बघायचं. मामाजी पुढे काही सांगायचे नाहीत.

त्या कुऱ्हाडीनं आम्ही खाली खाली गेलो. मी आता मार खायला भीत नव्हते. आधी झेलायचं, मग उठायचं. दिवा फार लांब राहिला नव्हता. सोयाबीनची कापणी सुरू झाली, दुकानात विळ्यांची झुंबड उडाली, दुपारीसुद्धा गिऱ्हाईक येऊ लागलं. तरी वेळ काढून आम्ही एक मजला उतरायचोच. अशातच नवरात्र सरत आलं आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्या दुकानात शस्त्रपूजा असते. लाल कापड घातलेल्या पाटावर मामाजींचा जुना तराजू, आणि दुकानात जे जे विकतो त्यातलं एकेक. हळदकुंकू, झेंडू, नारळ, मग नैवेद्य. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या लोखंडाला हात लावायचा नाही. सोयाबीन शेतात उभं असू दे नाहीतर आडवं, आमच्या दुकानातून त्या दिवशी विळा बाहेर जात नाही. गिऱ्हाइकालाही ते माहीत आहे. दसऱ्याला सकाळी आंघोळ करून मामाजी तराजू उचलतात, म्हणजे हत्यारं मोकळी झाली. ही पूजा पुरुषांची. माझी पावशी स्वयंपाकघरात, तिला हळदकुंकू मी तिथेच लावते. पाटावर माझं काही नसायचं. माझा वाटा नैवेद्याचा.

त्या वर्षी मी पुरणाचं ताट वाढत होते. दुकानातून मामाजींचा आवाज आला, “सुनबाई, तुझी कुऱ्हाड मांडायची राह्यली नं!”

“मांडा की,” मी आतूनच हसत म्हटलं. मला वाटलं, गंमत करताहेत.

गंमत नव्हती. त्यांनी माझ्या नवऱ्याला कॉम्प्युटर लावायला सांगितला. पाट टेबलाजवळ सरकवला. स्क्रीनच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली. मग त्यांच्या लक्षात आलं की माझ्या योद्धानं कुऱ्हाड हातातच धरली आहे. हातातल्या हत्याराची पूजा होत नाही, ते खाली ठेवावं लागतं. मी आदल्या दिवशी खेळ थांबवला होता त्या मजल्यावर एक देवाचा ओटा होता, दगडी, दोन्ही बाजूंना मशाली. मामाजींना तो चांगला आठवत होता. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, “त्या ओट्यावर ठेव. जागा बी चांगली आहे.”

नवऱ्यानं बाणांची बटणं दाबत योद्धाला ओट्यापर्यंत नेलं आणि कुऱ्हाड खाली ठेवायला लावली. खेळानं काहीतरी विचारलं.

“काय इचारून राह्यला तो?” मामाजी म्हणाले.

“देवाले द्यायची का, इचारते.”

“मग? देवापुढेच तं ठेवून राह्यलो.” आणि मामाजींनी, ज्यांनी जन्मात कधी कीबोर्डला हात लावला नव्हता, कुंकवाच्या बोटानं स्वतः एंटर दाबलं.

आमच्याकडे देवाला दिलेलं परत येतं. नैवेद्य दाखवतो, तो आपणच जेवतो. नारळ फोडतो, खोबरं आपल्याच हातावर येतं. हत्यार पाटावर ठेवतो, दुसऱ्या दिवशी उचलतो. देव बघतो आणि परत करतो. त्यानं ठेवून घेतलं असं कोणी कधी ऐकलेलं नाही. मामाजींच्या बोटाला दुसरं काही कळायचं कारणच नव्हतं.

मी ताट घेऊन बाहेर आले तेव्हा स्क्रीनवर पांढरा उजेड विरत होता. ओटा रिकामा. खाली एक ओळ: देव प्रसन्न झाला.

मी ताट पाटापुढे ठेवलं. मामाजींनी डोळे मिटून हात जोडले होते. उघडले आणि समाधानानं म्हणाले, “झालं. उद्या सकाळी उचलू.”

आत जाऊन मी मुलीला फोन लावला. तिनं मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, “गेली आई. तो देव परत नाई देत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला त्या वेळी मामाजींची रीत दिसत नव्हती, भक्ती दिसत नव्हती. एवढंच दिसत होतं की या घरात एकच गोष्ट माझी होती, तिलाही मला न विचारता हात लावला गेला. नवऱ्यानं समजूत काढायचा प्रयत्न केला, “खेळच तं आहे.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो मोटारसायकल पुसायला निघून गेला.

मामाजींना मी सांगितलं नाही. मुद्दामच नाही. उद्या आपल्या डोळ्यांनी बघू देत, म्हटलं. दिवसभर त्यांनी कॉम्प्युटरच्या आसपास कोणाला फिरकू दिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मामाजी आंघोळ करून, धुतलेली टोपी घालून आले. तराजू उचलला. विळा, कुऱ्हाड, पावशी, एकेक उचलून जागेवर लावलं. मग स्क्रीनपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, “उचल, सुनबाई.”

मी हलले नाही. “काय उचलू? तिथे काही नाही.”

त्यांनी वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. “कुठी गेली मग?”

“तुम्ही देली नं देवाले. तो देव परत देत नाई.” वऱ्हाडी बोलायचं ठरवून बोलले नव्हते, रागात तीच तोंडात येते.

मामाजींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही, आणि तरी माझा राग उतरला नाही. ते मागे फिरले आणि लावलेले विळे पुन्हा नीट लावायला लागले. माफी मागणं त्यांच्या पिढीच्या पुरुषांना शिकवलेलंच नाही. सुनेची तर नाहीच. संध्याकाळी मी त्यांच्या पाया पडले, हातावर आपट्याची पानं ठेवली, आणि तोंड न उघडता वळले. त्यांनी आशीर्वाद पुटपुटला, तोही अर्धाच.

मी खेळ बंद केला. माझी योद्धा त्या ओट्यासमोर रिकाम्या हातानं उभी होती, तिला तशीच राहू दिली. दुपारी मी दुकानात बसायचे, बिलं करायचे. स्टूल तराजूजवळ परत गेलं. मामाजींचा चहा मी नवऱ्याच्या हाती पाठवायचे. अबोला दोघांकडूनही पक्का होता, आणि मी मोडणाऱ्यातली नव्हते.

मग मामाजी दुपारचे बाहेर पडायला लागले. एस.टी.नं तळेगावला. तिथला एक लोहार आम्हाला विळे करून देतो, आणि हंगामात माल कमी पडतो, म्हणून नवऱ्याला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. माल आणायला गेलेला माणूस माल घेऊन येतो. हे रिकाम्या हातानं यायचे. एकदा मागच्या खोलीत मला पत्र्याचा कापलेला तुकडा दिसला, कोपऱ्यात, गोणीखाली. चंद्रकोरीसारखा. मी तो बघितला आणि परत गोणी टाकली.

कार्तिकात एका दुपारी मामाजी एस.टी.तून उतरले ते खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. ते त्यांनी माझ्यासमोर बिलांच्या टेबलावर ठेवलं आणि सुतळी सोडली.

तीच होती. चंद्रकोरीचं पातं. पोटात खाच, थोडी जास्त खोल. दांड्याला तांब्याची तार, खालपर्यंत. पात्याला लोहारानं तापवून तापवून निळसर झाक आणली होती, सगळीकडे सारखी जमली नव्हती. पण तीच होती. बोटाच्या पेराएवढी बघून त्यांनी आठवणीनं पत्र्यावर साचा कापला होता, आणि तो घेऊन त्या लोहाराच्या मागे लागले होते.

“लोहार म्हणे, यानं लाकूड फुटत नाई,” मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले. “मी म्हटलं, फोडायची नाईच आहे. चार खेपा परत करायले लावली. तो आता मले पाह्यलं का दार लावते.”

मी पात्यावरून, तारेवरून बोट फिरवलं.

“उचलून तं पाह्य. दांडा तुझ्या हाताच्या मापाचा घेतला. वजन बरोबर आहे का?”

मी उचलली. खरंच जड होती. दांडा माझ्या मुठीत नेमका बसला. पुरुषाच्या मुठीला तो बारीक झाला असता. हिंगणीच्या वाडीपासून आर्वीच्या दुकानापर्यंत माझ्या आजूबाजूला कुऱ्हाडीच कुऱ्हाडी होत्या, पण माझ्या मापाची ही पहिली. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही. म्हटलं, “बरोबर आहे, मामाजी.”

“मग झालं,” ते म्हणाले. स्टूल ओढलं. “आता लाव ते. ते पोरगी कधीची उभी आहे तिथी.”

खेळ लावला. माझी योद्धा ओट्यासमोर होती तशीच होती. पोतडीत एक साधा भाला होता, वरच्या मजल्यावर त्या दुकानदाराकडून घेतलेला. तो तिच्या हातात दिला आणि उतरले. त्या भाल्याला काही लक्षात राहत नव्हतं, प्रत्येक घाव नव्यानं घालावा लागायचा. तरी आम्ही गेलो. मजल्यामागून मजला, मामाजींच्या चुकीच्या सल्ल्यांसकट. शेवटच्या मजल्यावर पोचलो, दिवा दिसला. पिवळा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. आणि तिथे तिला एका आंधळ्या सापानं मारलं.

मामाजींनी टोपी काढली. खरंच काढली, आणि थोडा वेळ मांडीवर धरून बसले. मग घातली आणि म्हणाले, “नवीन काढ.”

होस्टेलवरच्या मुलींपैकी तो दिवा डोळ्यांनी कोणी बघितलेला नव्हता. मी बघितला, साध्या भाल्यावर. हे मी आजही ज्याला त्याला सांगते आणि सांगत राहणार. दिवा अजून वर आलेला नाही. ती निळी कुऱ्हाडही पुन्हा कधी मिळाली नाही. काही वाटत नाही आता त्याचं.

खरी कुऱ्हाड मामाजींनी माझ्या खुर्चीच्या वर, भिंतीला ठोकली. दुसऱ्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात, खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, आष्टीकडचा एक शेतकरी आला. मी खुर्चीवर, मामाजी स्टुलावर, समोर कॉम्प्युटर. त्यानं मला ओलांडून मामाजींकडे बघितलं. मग त्याची नजर वर गेली.

“मामा, हे कुऱ्हाड केवढ्याले?”

मामाजी स्क्रीनकडेच बघत होते. “मले काऊन इचारतं? जिची आहे तिले इचार. बसली नाई का समोर!”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीवरून उठले नाही. म्हटलं, “ते विकायची नाई, भाऊ. तुम्हाले काय पाह्यजे?”

“इळे पाह्यजे होते. सोयाबीनले.” आणि जरा थांबून त्यानं मला विचारलं, “कोणता चांगला राहीन?”

मी त्याला दोन विळे टिचकी मारून वाजवून दाखवले, धार अंगठ्यावर दाखवली, कोणता का घ्यायचा ते सांगितलं. त्यानं ऐकलं आणि मी सांगितले तेच घेऊन गेला. मामाजी मध्ये एक शब्द बोलले नाहीत. तेवढ्यात आमची योद्धा एका खेकड्यानं मारली, तरी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाट मांडला. तराजू ठेवायच्या आधी मामाजी थांबले आणि भिंतीकडे हात केला. मी खुर्चीवर चढून कुऱ्हाड काढली, पाटावर मधोमध ठेवली, हळदकुंकू माझ्या हातानं लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. नैवेद्य त्या दिवशी माझ्या नवऱ्यानं बाहेर आणला.

दसऱ्याच्या सकाळी मामाजी धुतलेली टोपी घालून आले. पाटासमोर उभे राहिले. तराजूला हात लावला नाही.

“उचल, सुनबाई,” ते म्हणाले.

ती होती तिथेच होती. मी उचलली.